सोबतीला कोण?

माझा गुडघा दुखत होता आणि या लोकांनी मला बोलायला पाठवलं. आता गुडघ्याचा आणि बोलण्याचा काय संबंध, हे उभा जन्म सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढलेल्या बाईला कोणीतरी समजावून सांगायला हवं होतं. कोणी सांगितलं नाही, म्हणून मी रागातच गेले.

झालं ते असं. निवृत्त झाले आणि उजवा गुडघा पार गेला. धारणीच्या आरोग्य केंद्रात असताना तरणीताठी होते, जीप बंद पडली की लसींची पेटी घेऊन डोंगर चढायचे, तेव्हा गुडघ्याला कोणी विचारलं नाही. तो आता बोलायला लागला. अकोल्याचे हाडांचे डॉक्टर म्हणाले, सांधा बदलावा लागेल. मी म्हटलं, बदला. मग त्यांनी विचारलं, "सोबतीला कोण राहणार?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "मी सोता सिस्टर आहे. मले सोबत कायले पायजे?"

"मग ऑपरेशन झाल्यावर सोताले बेडपॅन सोताच देसान का?"

मी शेजारच्या पार्वताबाईचं नाव सांगून टाकलं. पार्वताबाईला हे आजतागायत ठाऊक नाही.

भरती झाले आणि बीपी असा चढला की भूल देणाऱ्या डॉक्टरांनी हात जोडले. गोळ्या वाढवून घरी पाठवलं. पुन्हा तारीख दिली, पुन्हा तेच. घरी असले की बीपी बरा, दवाखान्यात पलंगावर पडले की वर. आयुष्यभर ज्या पलंगांच्या चादरी मी ताणून बसवल्या, त्याच पलंगावर मला झोपता येईना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "हे गोळीचं काम नाही. एखाद्या समुपदेशकाकडे जा."

"म्हणजे मी पागल झाली का?"

"नाही सिस्टर. तुमाले भेव वाटून राहिलं."

या एका शब्दानं माझा बीपी तिथल्या तिथं वाढला असणार. पण डॉक्टरांनी अट घातली होती. बीपी उतरवायचा, आणि पार्वताबाईसारखं कागदावरचं नाही, खरंखुरं माणूस सोबत आणायचं, तरच ते गुडघ्याला हात लावणार होते. नाहीतर पुढच्या वर्षी चाकाची खुर्ची. मला खुर्चीची जेवढी धास्ती होती, तेवढीच माणूस आणण्याची होती. माणूस म्हणजे एकच होतं, माझी एकुलती एक मुलगी मोनाली. ती पुण्यात नोकरीला. तिचे बाबा, संघपाल, गेल्यापासून मी एकटीच राहते. ऑपरेशनचं मी तिला सांगितलंच नव्हतं. तिला रजा पडेल, उगाच दगदग, असं मी स्वतःला सांगत होते.

समुपदेशक अकोल्यातही होते, पण अकोल्यात गेले असते तर संध्याकाळपर्यंत अर्ध्या शहराला कळलं असतं. मी अमरावती निवडली. आणखी एक कारण होतं. अमरावतीत माझं लहानपण गेलं. अंजनगाव सुर्जीजवळच्या आमच्या खेड्यात चौथीपुढं शाळा नव्हती, म्हणून बाबांनी, जानरावांनी, मला मुलींच्या वसतिगृहात टाकलं होतं. एसटी बडनेऱ्याच्या पुढं गेली की अजूनही मी खिडकीशी सरकून बसते. ते चांगलं की वाईट, हे मी कधी तपासलं नव्हतं. त्या अमरावतीत रस्त्यावर सायकली असत, दुपारी रस्ते मोकळे पडत, आणि वसतिगृहाच्या गच्चीवरून आम्ही पोरी कोणाची माय येते का ते बघत उभ्या असायचो.

समुपदेशक राजापेठेच्या बाजूला तळमजल्यावर बसत होता, हे गुडघ्याचं नशीब. नाव स्वप्निल. मी एखादा टकला, चष्मेवाला माणूस धरून चालले होते. हा निघाला तिशीतला काटकुळा पोरगा, दाढी वाढवलेली, डोळ्यांखाली काळं. गाव विचारलं तर म्हणाला, अंजनगाव. घरचे माळी, केळीचे मळे, वडील नत्थुजी अजून रोज मळ्यात जातात. मी "अस्सं" म्हणून गप्प बसले. आमच्या आईला आम्ही बाई म्हणायचो. भागीरथा तिचं नाव. अंजनगावच्या मळ्यांवर ती मजुरीला जायची, आणि दुपारी तिला पाणी वरून ओंजळीत मिळायचं, भांड्याला हात न लागता. बौद्ध होऊन आम्हाला तेव्हा वीसेक वर्षं झाली होती, पण पाण्याची उंची काही खाली आली नव्हती. हे मी त्याला सांगितलं नाही. सांगायचं कारणच काय होतं.

पहिल्या दिवशी त्यानं मला खूप विचारलं आणि मी काही सांगितलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात, ते हेच. बोलता बोलता एवढं कळलं की पोरगा मेसचा डबा खातो आणि त्याला पित्त होतं. पुढच्या गुरुवारी मी कढीगोळे आणि भाकर घेऊन गेले.

तो आधी कचरला. मग डबा उघडला, वास घेतला, आणि बोटं चाटून खाल्लं त्यानं. समोर बसून मी ते बघत होते. अंजनगावच्या माळ्याचं पोर माझ्या हातचं खात होतं आणि आणखी आहे का म्हणून विचारत होतं. बाईला हे दाखवायला पाहिजे होतं, असं मला वाटलं आणि मी उगाच डब्याचं झाकण पुसत बसले. 

मग ते ठरूनच गेलं. एका गुरुवारी पातोडीची भाजी, एका गुरुवारी वांग्याचं भरीत. तो खाता खाता मला विचारायचा, "ताई, दवाखान्यात पलंगावर पडल्यावर मनात काय येते?" मी म्हणायची, "ते राहू द्या. तुमच्या लग्नाचं कुठंवर आलं?" तो बिचारा सांगत बसायचा. तो एक मुलगी बघून आला, ती नाही म्हणाली, त्याला चार दिवस जेवण गेलं नाही. मी त्याला ओव्याचं पाणी सांगितलं. त्याच्या टेबलावरचे कागद नीट लावले. पडदा मळला होता तो धुवायला लावला. दवाखान्यात पलंगावर पडलं की बीपी मात्र तस्साच चढत होता.

आणि मग एका गुरुवारी त्यानं डबा उघडलाच नाही. टेबलावरून हळूच माझ्याकडं सरकवला.

"मायाताई, आजपासून मी हे घेऊ शकणार नाही. आपल्या नात्याच्या काही मर्यादा आहेत आणि त्या पाळणं आपल्या दोघांच्याही हिताचं आहे."

पाठ केलेलं वाक्य होतं. वऱ्हाडीचा एक शब्द त्यात नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर दोन महिने माझ्या डब्यात जाणारा हात होता आणि तोच हात आता डबा सरकवत होता. वऱ्हाडात ताट नाकारलं तर माणसं सोयरीक तोडतात, आणि इथं तर ताटाच्या खाली आणखी बरंच काही होतं. मी उठले.

"समजलं," मी म्हटलं. "घरी कोणी बोललं असन. माह्या हातचं आता चालत नाही तुमाले."

"ताई, तसं नाही..."

पण मी गुडघा ओढत बाहेर पडले होते. अकोल्यापर्यंत डबा मांडीवर घेऊन बसले. राग इतका होता की मूर्तिजापूर कधी आलं ते कळलं नाही. रागाच्या खाली लाज होती. दोन महिने मी त्याला प्रेमानं खाऊ घातलं आणि तो ते सोसत होता, असं मला वाटायला लागलं होतं.

मग त्याचे फोन सुरू झाले. सकाळी, दुपारी. "ताई, बरं आहे नं?" "ताई, माझं काही चुकलं का?" "ताई, एकदा बोला फक्त." भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली. असे नातेवाईक मी वार्डात पुष्कळ पाहिलेत, दर पाच मिनिटांनी घंटी वाजवून सिस्टरला विचारणारे. जितके त्याचे फोन वाढले तितकी मी घट्ट होत गेले. कोणी माझ्यामागं लागलं की मला आणखी लांब जावंसं वाटतं, हा माझा जुना स्वभाव. संघपाल म्हणायचे, तुझ्याशी भांडता येत नाही, तू भांडायच्या आधीच स्वयंपाकघरात निघून जातेस. माझ्या धाकट्या जावेशी मी एकदा बोलणं सोडलं ते सोडलंच.

त्याच दिवसांत मोनालीचा फोन आला. दिवाळीत येऊ का म्हणाली. मी म्हटलं, ये की. मग लगेच म्हटलं, "पण तुही रजा वाया घालू नको. दोन दिवस राहा अन् जाय."

ती हसली नाही. म्हणाली, "आई, तू येऊ देतं, पण राहू देत नाही. मागच्या टायमाले मी बॅगमधून कपडे काढले नव्हते अन् तू गाडीचं तिकीट पाहून राहिली होती."

"गर्दी असते म्हणून."

"हो, गर्दी असते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

एरवी मी तो समुपदेशकाचा विषय तिथंच संपवला असता. माणूस तोडणं मला जमतं. पण या वेळी जमेना. भाजी चिरताना, आंघोळ करताना मी मनात त्याच्याशी भांडत होते, आणि माझे सगळे मुद्दे इतके बिनतोड होते की ते त्याला ऐकवल्याशिवाय वाया जातील असं वाटायला लागलं. म्हणून एका गुरुवारी मी एसटीत बसले. उपचाराला नाही, भांडायला.

तो एकटाच होता. मेसचा डबा पुढं होता, अर्धा खाल्लेला. मला बघून तो धडपडत उभा राहिला. मी बसले नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. अंजनगावचे मळे, बाईची ओंजळ, वरून पडणारं पाणी. तो पहिल्यांदा माझ्या हातचं जेवला तेव्हा मला काय वाटलं, आणि डबा सरकवला तेव्हा काय वाटलं. सांगता सांगता माझा आवाज फुटला, त्याचाही मला राग आला.

स्वप्निलचा चेहरा उतरला.  मग खाली बघून म्हणाला, आणि या वेळी आपल्या बोलीत म्हणाला, "ताई, हे माह्या डोक्यातच नाही आलं. यायले पायजे होतं. माही आजी मजुरायले पाणी कसं द्यायची, हे मी लहानपणी पाहेल आहे. तरी नाही आलं."

"मग कावून केलं?"

त्यानं सांगितलं. या कामात प्रत्येकाच्या वर एक मोठं माणूस असतं, ज्याला आपल्या कामाचा हिशेब द्यायचा. त्याच्या पुण्याच्या मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, तू जेवतोस तेव्हा त्या काय करतात? तो म्हणाला, पाहत बसतात. मॅडम म्हणाल्या, मग इलाज कोणाचा चालू आहे?

"मॅडमचं बरोबर होतं," स्वप्निल म्हणाला. "पण मी ते त्यांच्याच शब्दांत तुमच्या तोंडावर फेकलं. तुमी कोण, मी कोण, हे नाही पाहिलं. ही माही चूक आहे."

पुण्याच्या बाईला वऱ्हाडातल्या डब्यातलं काय कळतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण तिचा प्रश्न माझ्याही मनात जाऊन बसला होता. मी खुर्चीवर बसले.

"अन् ते फोन?" मी विचारलं.

"ते तुमच्यासाठी नव्हते." तो ओशाळला. "माह्यासाठी होते. कोणी माह्यावर रुसून गेलं की मले चैन पडत नाही. लहानपणापासून असं आहे. माणूस हातातून चाललं असं वाटलं की मी धरून ठेवतो, दाबून धरतो. तुमाले कोणी धरलं की तुमी सुटून जाता."

"म्हणजे एक पळणार अन् दुसरा मागं धावणार. हा इलाज आहे का पकडापकडी?"

तो हसला. मीही हसले असेन थोडी. मग तो म्हणाला की, लहानपणी आपण ज्याच्या भरवशावर असतो त्याच्यापाशी कसं राहायचं ते आपण शिकतो, आणि पुढं नवरा असो, लेक असो, की त्याच्यासारखा समोर बसून ऐकणारा असो, तीच रीत चालवतो. डॉक्टरापाशी येतानाही माणूस ती घरी ठेवून येत नाही.

"डबा मी आजही नाही खाणार, ताई," तो म्हणाला. "पण कावून नाही, ते समोर बसून सांगीन. तुमी रागावून गेल्या तरी मी फोन नाही करणार. गुरुवारी याच टायमाले इथंच बसून राहीन."

मला 'नाही' म्हणूनही माणूस तिथंच बसून राहिला, असं माझ्या आयुष्यात फार कमी झालं होतं. त्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

मग त्यानं विचारलं, "मी जेवायचो तवा तुमी कधी एक घासही नाही खाल्ला. घरी कोणासंगं जेवता?"

मी कोणासंगं जेवत नाही. घरात कोणी असलं की त्यांना वाढते आणि मागून, ओट्यापाशी उभी राहून खाते. बायका तशाच जेवतात, म्हणून आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी उत्तर देणार होते की सवय आहे. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

वसतिगृहात बाई दर पंधरा दिवसांनी रविवारी यायची. अंजनगावची एसटी पकडून, फडक्यात भाकर, जवसाची चटणी आणि गुळाचा खडा बांधून. तिच्या लुगड्याला कापसाचा आणि उन्हाचा वास असायचा. तो वास आला की माझं सगळं पंधरा दिवसांचं रडू वर यायचं आणि तिला बघून परत खाली जायचं. वसतिगृहाच्या आवारात ती मला बसवायची, फडकं सोडायची आणि म्हणायची, "तू खाय, मी पाणी पिऊन येतो." मी खायची. भाकर संपायची तेव्हा बाई नसायची. सांगून गेलं की लेकरू रडतं, म्हणून आपल्याकडं डोळा चुकवूनच जातात. त्यात तिची काही चूक नव्हती. तिचीही माय तशीच गेली असेल.

दोन-तीन वेळा असं झाल्यावर मी हुशार झाले. एका रविवारी मी भाकर हातात धरून बसले आणि खाल्लीच नाही. मी खात नाही तोवर ती जाऊ शकत नाही, एवढं मला कळलं होतं. बाई म्हणाली, खाय माय. मी मान हलवली. ती माझ्या पाठीवर हात फिरवत बसून राहिली. ऊन कलंडलं. तिची गाडी गेली. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून गाणी म्हटली, सगळ्या मैत्रिणींना बोलावून माझी बाई दाखवली. मग वसतिगृहाच्या अधीक्षिकेनं तिला सगळ्यांसमोर झापलं, की नियम कळत नाहीत का. बाईनं ती रात्र एसटी स्टँडवर काढली. दुसऱ्या दिवशीची तिची मजुरी बुडाली, आणि त्यावरून बाबा तिला बोलले, हे मला सुट्टीत कळलं.

सुट्टीनंतर पहिल्यांदा ती आली तेव्हा मी भाकर भराभर खाल्ली आणि तिच्या आधी मीच उठले. म्हटलं, "बाई, तुही गाडी चुकीन. जाय आता." तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मोठी झाली व माही पोट्टी." मला फार अभिमान वाटला होता. तेव्हापासून मी कोणाला माझ्यापाशी गाडी चुकवू दिली नाही.

एवढं सांगून मी थांबले. मी रडत होते, आणि स्वप्निल उठून आला नाही, त्यानं पाणी दिलं नाही, उगी म्हटलं नाही. फक्त बसून होता. त्याच्यासारख्याला ते किती जड गेलं असेल हे मला दिसत होतं, त्याचे हात खुर्चीच्या दांड्यांवर गच्च आवळलेले होते. थोड्या वेळानं तो म्हणाला, "ताई, आपली दहा मिनिटं राहिली. मग आजचं बोलणं बंद करू. पुढच्या गुरुवारी परत." जायच्या आधी सांगतात, असंही असतं तर.

बाहेर पडून मी रिक्षा केली आणि वसतिगृहाच्या गल्लीत गेले. वसतिगृह आता तिथं नाही. टायरची दुकानं आहेत, एक मंगल कार्यालय आहे. आवार नेमकं कुठं होतं तेही सांगता येईना. तरी मी एका दुकानाच्या पायरीवर बसले. गच्चीवर उभ्या राहणाऱ्या पोरींची नावं आठवत होते. त्यातल्या किती जणींनी पुढं आपल्या लेकींना लवकर लवकर गाडीत बसवून दिलं असेल कोण जाणे. मला बाईची फार, फार आठवण आली. ती गेली त्या दिवशी सकाळी मीच तिच्या उशाशी होते, आणि शेवटच्या शुद्धीत तीही मला म्हणाली होती, तुही ड्युटी आहे, जाय. मी गेले होते.

तिथूनच मोनालीला फोन लावला.

"मोनाली, माह्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. तू ये."

 पलीकडून तिचा ऑफिसातला आवाज आला, नीटनेटका. "ठीक आहे आई. तारीख सांग. मी चोवीस तासांची बाई लावून देते. चांगली एजन्सी आहे. तू काळजी करू नको."

मी तो आवाज ओळखला. तो माझा होता. शब्द पुण्याचे होते, आवाज माझाच. आणि माझ्या तोंडात उत्तरही तयार होतं, की हो, तेच बरं, तुही रजा वाचते. ते बोलले असते तर दोघीही सुटलो असतो. त्या क्षणी माझा बीपी कोणीतरी मोजायला हवा होता.

"बाई नको," मी म्हटलं. "तू पायजे. मले भेव वाटून राहिलं."

हा शब्द मी तिच्यासमोर कधी उच्चारला नव्हता.  मग ती म्हणाली, "आई, तू मले दुसऱ्याच दिवशी गाडीत बसवून देशील."

"नाही देणार."

"देशील. तुले राहवत नाही."

"मंग तू बसू नको गाडीत."

ती हसली, आणि हसता हसताच तिचा आवाज बसला. "येते," एवढंच म्हणाली.

ऑपरेशन झालं. बीपी चढला नाही असं मी म्हणणार नाही. चढला, पण मोनालीनं हात धरला आणि तो डॉक्टरांना चालेल इतका खाली आला. बेडपॅन तिनंच दिला. त्या वेळी मी भिंतीकडं तोंड केलं होतं आणि ती म्हणाली, "आई, लाजून राहिली का? मी लहान होती तवा मी लाजली होती का?" शिकाऊ पोरी मला सिस्टर सिस्टर म्हणत होत्या आणि मी नुसती पेशंट होते. ते वाटलं तितकं वाईट नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला वॉकर धरून चालवलं. परत आले तर मोनाली खुर्चीच्या कडेवर बसलेली. बॅग भरलेली, चेन लावलेली, पायापाशी. मी तिला काही म्हटलं नव्हतं. मी म्हणायच्या आधीच तिनं ती भरून ठेवली होती.

"डॉक्टर म्हणतात आता धोका नाही," ती खिडकीकडं बघत म्हणाली. "संध्याकाळची गाडी आहे. पाहू का?"

तिची रजा, तिची नोकरी, सगळं खरं होतं. "जाय आता" हे दोन शब्द माझ्या जिभेवर येऊन बसले होते. ते बोलायला मला काही कष्ट पडले नसते. जन्मभराचा सराव होता. मी पलंगाची दांडी धरली.

"थांब," मी म्हटलं.

"किती दिवस?"

"मले माहीत नाही. माहं मन भरेस्तोवर थांब."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं बॅग पायानं पलंगाखाली सरकवली. "आई, तू रडून राहिली का?"

"गुडघा दुखून राहिला."

"सिस्टरले बोलावू?"

"नको," मी म्हटलं. "तू बस."

ती बसली.